नाला भरला होता म्हणून आम्ही परत आलो, नवस मोडला का?

मागच्या अंकात पहाडातल्या पावसापाण्याबद्दल प्रश्न मागवले होते अन् एवढी पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही. त्यातली चार घेतली. पहिल्याला जागा जास्त दिली कारण तसलंच पत्र वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड अशा बऱ्याच ठिकाणांहून आलंय, गाव बदललं तरी दुखणं एकच. नावं कोणाचीच छापत नाही, बहुतेकांनी तशी विनंतीच केली होती.

"ताई, नमस्कार. आमच्या गावातून दरसाल चौदा-पंधरा जण नागद्वारले जातो, माह्या आजोबापासून चालू हाये. मागच्या साली गडीमाणसं नऊ, बाया चार अन् एक बारा वर्षाचं पोट्टं, असे होतो. दुसरा पहाड उतरलो अन् पाणी असं सुरू झालं का समोरचा माणूस दिसेना. पुढचा नाला भरून चालला होता. आमच्यातले म्हातारे म्हणे देवाचं नाव घ्या अन् हात धरून चला, दरसाल जातो, काही होत नाही. मी म्हटलं नाही, अन् सगळ्याईले वापस घेऊन आलो. दर्शन न घेता. आता गावात म्हणून राहिले का यानं नवस मोडला. दिवाळीत चुलत भावाचा बैल मेला तर तेही माह्यावरच आलं. माहा बाप माह्याशी धड बोलत नाही. मी चुकलो का? अन् यंदा जायचं तर कुठं थांबायचं, कुठून वापस फिरायचं, हे कसं समजायचं?" (एक वाचक, ता. वरूड)

भाऊ, तुम्ही चुकले नाही. बाकी सगळं मागून सांगते, हे आधी सांगते, कारण पत्र वाचून मला वाटलं की वर्षभर तुम्ही हे एवढंच कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहून राहिले. चौदा जण गेले अन् चौदा घरी आले. त्या बारा वर्षाच्या पोराच्या मायला विचारा, नवस मोडला की फळला.

ज्यांना नागद्वार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पचमढीच्या पहाडात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात नागदेवाच्या गुफा आहेत, ही वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आसपास दहाएक दिवस उघडते, अन् आपल्या विदर्भातून माणसं नुसती लोटतात तिकडे, वाटेत भंडारेही आपल्याच मंडळांचे लागतात. चढ, उतार, लोखंडी शिड्या, शेवाळलेले दगड, मधात नाले. नागपंचमी येते ती पुष्य-आश्लेषाच्या पावसात, म्हणजे कोरड्यात ही यात्रा होतच नाही. पाऊस येणारच आहे, तो किती आला म्हणजे थांबायचं एवढंच आपल्या हातात असतं.

मी स्वतः अकरा वेळा गेली आहे अन् त्यातल्या दोनदा दर्शन न घेता परत आली. पहिल्यांदा ज्या नाल्यावरून परतलो तो मला अजून जसाच्या तसा दिसतो. पोचलो तेव्हा घोट्याएवढं पाणी, तळातले गोटे मोजून घ्या इतकं साफ. आम्ही काठावर बसून भाकर अन् ठेचा खात होतो, डोक्यावर पाऊस नव्हता, नुसती बारीक झिमझिम. सोबत मेळघाटातली एक कोरकू बाई होती, तिनं खाता खाता हात थांबवला अन् पाण्याकडं पाहत बसली. मी म्हटलं काय झालं, तर तिनं बोट दाखवलं, सागाची दोन हिरवी पानं अन् काटक्यांचा एक झुबका वाहत आला, मग पाणी दुधाच्या चहासारखं झालं, अन् मग तो आवाज, खालच्या खाली गोट्यावर गोटा आपटल्याचा, गाडग्यात खडे हलवल्यावर येतो तसा. ती उठली अन् आम्हाला अक्षरशः ढकलत वर चढवलं. भाकरीचं फडकं तिथंच राहिलं होतं, ते घ्यायला मी वळली तर फडकं होतं तिथं कमरेएवढं पाणी. हातातली भाकर अजून संपली नव्हती, एवढ्यात झालं सगळं.

तर पहाडातला नाला आपल्या डोक्यावरच्या पावसानं भरत नाही, वरच्या पहाडावर पडलेल्या पावसानं भरतो, अन् वर काय चाललंय ते खाली दिसत नाही. म्हणून पाण्यावर पालापाचोळा यायला लागला, साफ पाणी गढूळ झालं, आवाज बदलला, यातलं एक जरी दिसलं तरी चर्चा करत बसायचं नाही, आधी वर सरकायचं अन् मग बोलायचं. वेगानं वाहणारं पाणी पंधरा सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून कमी असलं तरी चांगल्या धडधाकट माणसाचे पाय सुटतात, अन् गढूळ पाण्यात खाली खड्डा आहे की दगड हेही कळत नाही. हात धरून चला म्हणणाऱ्यांचा भाव खरा असतो हो, पण साखळीतल्या एकाचा पाय सुटला की तो शेजारच्यालाही घेऊन जातो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते शेवटी पाण्याच्या मधात एका खडकावर एकमेकांना घट्ट धरूनच उभे होते.

आता तुमच्या म्हाताऱ्यांचं "दरसाल जातो, काही होत नाही". हे मी माझ्या सासऱ्यांकडूनही ऐकलं, पण त्यांना जेव्हा नीट बसवून विचारलं की तुमच्या जमान्यात नाला भरला तर काय करायचे, तेव्हा ते म्हणाले, काय करायचो म्हणजे, बसायचो. एक दिवस, कधी दोन दिवस, झाडाझुडपाखाली मेनकापड नाहीतर घोंगडी बांधून पाणी उतरेस्तोवर बसायचो. पहाडी नाला जसा चट् भरतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. म्हणजे जुने लोक भरल्या नाल्यात घुसत होते म्हणून वाचले असं नाही, ते थांबत होते म्हणून वाचले. आज आपण थांबत नाही कारण गाडी ठरवलेली असते, ड्रायव्हर म्हणतो उद्या दुपारपर्यंत या नाहीतर दुसरी सीट धरतो, कोणाची सुट्टी संपलेली असते, कोणाला सोमवारी बँकेत जायचं असतं. भरल्या नाल्यात माणसाला ढकलते ती ही घाई, अन् आपण तिला भक्तीचं नाव देतो. यंदा जाताना बाकी काही करू नका, गाडीवाल्याशी एक दिवस जास्तीचा ठरवा अन् त्याचे पैसे आधीच सगळ्यांकडून गोळा करून ठेवा, मग पहा, नाल्याच्या काठावर भांडण अर्ध्यावर येतं की नाही.

निघायच्या आधी बंगालच्या उपसागराकडं लक्ष ठेवा. श्रावणात तिथं कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो ओडिशा, छत्तीसगड करत आपल्या विदर्भावरून नाहीतर मध्य प्रदेशावरून सरकतो अन् दोन-तीन दिवस झोडपून काढतो, अशा वेळी दोन दिवस उशिरा निघाले तर देवाच्या घरी हजेरी लागत नाही. नुसता नागपूरचा अंदाज पाहू नका, पचमढी भोपाळच्या हवामान केंद्राकडं येते, तो पहा. इशारा पिवळा असला तर सावध राहून जाता येते, केशरी असला तर वर चढू नका, पायथ्याशी थांबा, लाल असला तर घरूनच निघू नका. अन् परतीची वेळ घरी, ओसरीवर बसून ठरवा, सगळ्यांसमोर, म्हाताऱ्यांसमोर. दुपारी एक वाजता जिथं असू तिथून मागं. गुडघ्याला पाणी लागलं की मागं. गढूळ पाणी दिसलं की घोट्याएवढं असलं तरी मागं. ओसरीवर डोकं शांत असते, सगळे हो म्हणतात. नाल्यावर भिजलेला, भुकेला, अर्ध्या वाटेवर आलेला माणूस हो म्हणत नाही, त्याचं काही चुकत नाही, मनच तसं असते. तुमच्यावर सगळं आलं ते म्हणूनच आलं, ऐन वेळी तुम्ही एकटे नाही म्हणाले. यंदा सगळ्यांनी मिळून आधीच म्हटलेलं असू द्या.

अजून एक, ज्याकडं कोणी पाहत नाही. थंडी. पाऊस म्हटला की लोक पाण्याला भितात, थंडीला भीत नाहीत, अन् आपल्या मुलखात चव्वेचाळीस डिग्री काढलेल्या माणसाला श्रावणात थंडी मारेल हे पटतच नाही. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा डिग्रीनं उतरते, त्यात अंगावर ओलं धोतर नाहीतर ओलं लुगडं, त्यात वारा. सुती कपडा पाणी धरून ठेवतो अन् अंगातली गरमी ओढत राहतो. दुसऱ्यांदा मी परतली ती याच कारणानं. आमच्यातले एक काकाजी, सत्तरीचे, शिडीजवळ बसले होते, दात वाजून राहिले होते, मी म्हटलं थांबू, तर म्हणे काही नाही. थोड्या वेळानं दात वाजणं थांबलं, सगळ्यांना वाटलं बरं झालं. पण त्यांना धोतराचा सोगा खोचता येईना, बोटं नुसती कपड्यावरून फिरत होती, अन् बोलणं असं जड, जिभेवर काही ठेवल्यासारखं. थरथर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नसते, अंगात थरथरायची ताकद उरली नाही म्हणून ती थांबते. त्यांचे ओले कपडे काढून कोरडी शाल गुंडाळली, दोघांनी मधात घेऊन बसवलं, भंडाऱ्यावरून गोड गरम चहा आणून घोट घोट पाजला, तासाभरानं नाव नीट सांगायला लागले. कोणी तरी अंग गरम व्हायला दारू काढली होती, ती मी फेकून दिली, दारूनं गरम वाटते पण अंगातली गरमी उलट बाहेर जाते. तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा जोड अन् एक लोकरीचं काही, मग ते जुनं स्वेटर का असेना, एवढं पाहूनच गाडीत बसवा.

अन् तुमचे वडील. त्यांच्याशी वाद घालू नका. नवसाच्या नावानं चाललेल्या सगळ्यावर आयुष्यभर कीर्तनातून कोरडे ओढणारे गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, हे त्यांनाही माहीत असेल. बैल कशानं मेला ते डॉक्टर सांगतील, त्याचा अन् नाल्याचा काही संबंध नाही. तुम्ही एवढंच करा, त्यांना विचारा की बाबा, आजोबाच्या टायमाले नाला भरला तर तुम्ही काय करत होते. अन् मग गप बसून ऐका. मला खात्री आहे त्या गोष्टीत कुठं ना कुठं दोन दिवस बसून राहिल्याचं निघेल, अन् ते सांगता सांगता त्यांचं त्यांनाच उमगेल.

"ताई, माझा मुलगा पायाळू आहे. कॉलेजात जातो अन् मित्रांसोबत पावसाळ्यात चिखलदरा, गाविलगड, वैराट असा फिरत राहतो. सासूबाई म्हणतात पायाळू माणसावर इज पडते, त्याला पहाडावर पाठवू नको. मी अडवलं तर तो हसते. मागच्या जूनमध्ये गाविलगडावर वादळात सापडले तर सगळे एका झाडाखाली उभे राहिले अन् मोबाईल बंद केले म्हणे. यात खरं काय?" (एक आई, अचलपूर)

ताई, पायाळू असण्याचा अन् विजेचा काहीही संबंध नाही. बाळ पायाकडून आलं की डोक्याकडून, विजेला ते माहीत नसते. तुमचा मुलगा त्या दिवशी धोक्यात होता हे मात्र खरं, अन् ते झाडामुळे. सासूबाईंची भीती खोटी नाही, फक्त चुकीच्या गोष्टीला चिकटली आहे, अन् माझं म्हणणं आहे की ती भीती तशीच राहू द्या, फक्त पोराच्या जन्मावरून काढून त्या झाडावर ठेवा.

वीज उंच अन् एकट्या गोष्टीवर पडायला पाहते. गाविलगडाचं पठार पहा, वैराट पहा, जवळपास बाराशे मीटर उंची, मोकळं रान, त्यात एखादं झाड. ते झाड म्हणजे त्या पठारावरची सगळ्यात उंच वस्तू. वीज झाडावर पडली की बुंध्यातून खाली जाता जाता शेजारच्या माणसावर उडी घेते, अन् उरलेली जमिनीत पसरते. हे जमिनीत पसरणं आपल्या शेतकऱ्यांना पटकन समजते कारण सगळ्यांनी पाहिलंय, धुऱ्यावरच्या झाडाखाली बांधलेले बैल मरतात अन् थोडं दूर उभा असलेला माणूस कधी कधी वाचतो. बैलाच्या पुढच्या अन् मागच्या पायात अंतर जास्त, तेवढ्या अंतरात जमिनीतल्या करंटचा फरक जास्त, अन् तो करंट एका पायातून चढून काळजावरून दुसऱ्या पायातून उतरतो. म्हणून माणसानं पाय जोडून ठेवायचे, अन् आडवं तर कधीच पडायचं नाही.

मोबाईलचं म्हणाल तर मोबाईलवर वीज येत नाही, बंद करायची गरज नाही, उलट चालू ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आपण आहोत तिथून वीस अन् चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडून राहिली असेल तर ते सांगते. ते प्रत्येक पोराच्या फोनमध्ये पाहिजे, शेतात जाणाऱ्याच्याही. रेंज नसली तर बोटं मोजा. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईस्तोवर किती सेकंद गेले ते मोजायचं, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा माथा सोडून खाली निघायचं, अन् शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जायचं नाही. खरा आसरा दोनच, पक्कं घर नाहीतर बंद काचांची गाडी. पडकी कमान, उघडं शेड, गुफेचं तोंड, कड्याखालची कपार हे आसरे वाटतात पण नाहीत, दगडावरून उतरणारी वीज त्या तोंडाशीच उडी मारते. काहीच नसलं तर माथ्यावरून अन् एकट्या झाडापासून दूर, सखल जागी, पण नाल्यात नाही, पाय जोडून उकिडवं बसायचं, कान झाकायचे, अन् एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर लांब. पोरांना हे आवडत नाही, भीती वाटली की ते गोळा होतात, तुमचा मुलगा अन् मित्र तसेच झाडाखाली गोळा झाले होते. पण लांब बसायचं कारण त्यांना सांगा, एकावर पडली तर बाकीचे उठून त्याला वाचवू शकले पाहिजे.

अंगावरचे केस उभे राहिले, कातडी झिणझिणली, तर वीज तुमच्यावरच यायला पाहून राहिली, तेव्हा क्षणभरही उभं राहू नका, खाली बसा. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांनाही सांगून ठेवते, फाल्गुनाच्या तोंडाशी गारपीट अन् विजा आपल्याकडं नव्या नाहीत, गडगडायला लागलं तर खांद्यावरचा उभा त्रिशूळ आडवा करून बाजूला ठेवा अन् दूर व्हा, वादळ गेलं की उचला, महादेव त्याचा राग धरत नाही.

अन् ज्याच्यावर वीज पडली त्याला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात करंट राहत नाही. बरेचदा काळीज थांबलेलं असते पण पुन्हा चालू होऊ शकते. श्वास नसला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, एकानं दाबायचं अन् दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. एकापेक्षा जास्त जण पडले असतील तर जो ओरडून राहिला त्याच्याकडं नंतर जा, जो गप पडलाय त्याच्याकडं आधी जा. शेणात नाहीतर मातीत पुरून ठेवायची पद्धत अजून काही गावांत आहे, ती बंद करा, वाचवायची मिनिटं त्यातच जातात.

तेव्हा त्याला जाऊ द्या ताई. मिरगाच्या तोंडाशी अन् पुढं हस्ताच्या पावसात दुपारनंतर आभाळ गडगडते, त्या दिवसांत सकाळी लवकर चढायचं अन् जेवायला खाली, एवढी एक अट घाला.

"आम्ही तिघं शिक्षक सातवी-आठवीची तीस मुलं घेऊन मे महिन्यात नरनाळा किल्ल्यावर जायचा विचार करून राहिलो, सुट्ट्या तेव्हाच असतात. सकाळी दहाला शहानूरहून चढायला सुरुवात करू. काय काळजी घ्यावी?" (एक शिक्षक, ता. अकोट)

सर, नका जाऊ. दहाला चढायला लागाल म्हणजे बाराला तापलेल्या दगडांत असाल, अन् तीस लेकरांवर तीन माणसं पुरत नाहीत. डिसेंबरात न्या, सक्कर तलावात तेव्हा पाणीही पाहायला मिळेल. मेमध्येच न्यायचं असेल तर वनखात्याला विचारून गेट उघडल्या उघडल्या आत जा, नऊला परत खाली, प्रत्येक मुलाजवळ दोन लिटर पाणी, अन् एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली मोठ्यांजवळ. उन्हात एखादं पोर असंबद्ध बोलायला लागलं, नाहीतर अंग भट्टीसारखं तापलं, तर दवाखान्यात न्यायच्या आधीच सावलीत झोपवून सगळ्या अंगावर पाणी ओतायला सुरुवात करा अन् वारा घाला, शुद्ध नसली तर तोंडात पाणी घालू नका.

"ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरमध्ये उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरवलं, दोन वर्षं शिकवणी घेऊन पैसे जमवले. बाबा नाही म्हणतात, टीव्हीवर बर्फात माणसं गेल्याचं पाहिलंय. ट्रेक नेणारे म्हणतात काहीच होत नाही, बिनधास्त या. मैत्रीण म्हणते वरपर्यंत नाही गेली तर पैसे पाण्यात. मला खूप जायचंय." (एक विद्यार्थिनी, ता. राजुरा)

बेटा, जा. पण "काहीच होत नाही" म्हणणाऱ्यासोबत जाऊ नको.

तू राजुऱ्याची आहेस म्हणून आधी तुझ्याच मुलखाची गोष्ट. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा पोरंपोरी मिशन शौर्यमध्ये एव्हरेस्टला गेली होती, त्यातली पाच शिखरावर पोचली. त्यांचे फोटो सगळीकडं झळकले, झळकायलाच पाहिजे होते. पण बाकीची पाच शिखर न गाठता घरी आली, अन् मला ती पाचही तेवढीच मोठी वाटतात. मैत्रिणीला हे सांग. त्याच एव्हरेस्टवर १९९६ च्या मे महिन्यात एका वादळात आठ माणसं गेली, दुपारी दोननंतर वर चढायचं नाही असं धरून चालायचे तिथं, तरी बरेच जण दोन वाजून गेल्यावरही चढत राहिले, शिखर जवळ दिसत होतं म्हणून. अनुभवी लोक होते ते. पैसे त्यांचेही लागले होते, अन् खूप लागले होते.

बाबांनी टीव्हीवर जे पाहिलं ते बहुतेक जून २०२४ चं असेल, उत्तराखंडातल्या सहस्त्रतालच्या वाटेवर बावीस जणांचा कर्नाटकचा ग्रुप वादळात सापडला अन् नऊ जण गेले. भर उन्हाळा होता तेव्हा आपल्याकडं. चार हजार मीटरच्या वर जून महिन्यातही वादळ अन् थंडी जीव घेऊ शकते. तेव्हा बाबांना वेडं म्हणू नको, त्यांच्याकडं जी भीती आहे तिचे प्रश्न बनव. ट्रेकवाल्यांना विचार, परत फिरायची वेळ काय ठरली आहे, अन् फिरायचं की नाही हे कोण ठरवते. ग्रुपमध्ये किती माणसं अन् किती गाईड. ऑक्सिजन सोबत आहे का, स्ट्रेचर आहे का. हवा बिघडली तर एक दिवस जास्तीचा धरला आहे का. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावर नेत नाहीत ना. डोकं दुखून उलटी झाली तर काय करता, याचं उत्तर "गोळी देतो अन् चालवतो" असं आलं तर फोन ठेवून दे. दुखणं वाढत असेल तर खाली आणतो, हे उत्तर पाहिजे. अन् गेल्यावर तुझं तू लपवू नको, आपल्याकडच्या पोरींना दुखणं लपवायची फार सवय असते, मागं नको राहायला म्हणून गप चालत राहतात, तिथं असं करायचं नाही.

सामान भाड्यानं मिळते, नवं घेत बसू नको, पण अंगाला लागणारा पहिला कपडा सुती नको. एक शिट्टी गळ्यात ठेव. धुवारी उतरली, आपल्याकडं तुरीच्या फुलावर येते तशी नाही, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत अशी, अन् वाट हरवली तर उतारानं नाल्यात उतरायचं नाही, जागच्या जागी थांबायचं अन् मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप, पुन्हा सहा. जगभर ही मदतीची खूण समजतात.

ट्रेकवाल्यांना फोन करशील तेव्हा स्पीकरवर लाव अन् बाबांना शेजारी बसव, प्रश्न त्यांनाच विचारू दे. अन् निघायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी तासभर पाठीवर ओझं घेऊन चाल, माणिकगडाचा चढ तुझ्यापासून फार लांब नाही, रविवारी तिथं बाबांनाच सोबत घेऊन जा.